एचबीए फेलओव्हर: ओएसमधलं मल्टिपाथिंग घ्यावं की स्टोरेज कंपनीचं?

सर्व्हरमध्ये दोन एचबीए (सर्व्हरला स्टोरेजशी जोडणारी कार्डं) बसवले, झोनिंग (कोण कोणाशी बोलेल हे स्विचवर ठरवणं) झालं, स्टोरेजवाल्याने लन (स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेली डिस्क) दिला. लिनक्सवर लॉगिन करून बघावं तर एका लनच्या जागी चार डिस्क दिसतात: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. दोन एचबीए आणि स्टोरेजचे दोन कंट्रोलर, म्हणून चार पाथ, म्हणजे त्याच डिस्ककडे जाणाऱ्या चार वाटा. या चारांची एक डिस्क करून दाखवायची आणि एखादा पाथ तुटला की आयओ (वाचन-लिखाण) दुसऱ्याने पाठवायचा, हे मल्टिपाथिंगचं काम कोणाकडे द्यायचं हा इथे निर्णय आहे. एके काळी काही एचबीएंचे ड्रायव्हर हे स्वतःच करायचे. आता ते काम वरच्या थरात आलंय आणि पर्याय साधारण तीन उरतात. पहिला, ओएससोबत येणारं: लिनक्सवर डीएम-मल्टिपाथ, विंडोज सर्व्हरवर एमपीआयओ. दुसरा, स्टोरेज कंपनीचं, ज्यात सगळ्यांत ओळखीचं नाव डेलचं (पूर्वी ईएमसीचं) पॉवरपाथ. तिसरा, एनव्हीएमई (फ्लॅश स्टोरेजसाठीचा प्रोटोकॉल) स्टोरेज असेल तर कर्नलचं स्वतःचं एनव्हीएमई मल्टिपाथ.

निवड करताना बहुतेक जण वेगाचे आकडे मागतात. माझ्या मते तो प्रश्न शेवटी विचारावा. चांगल्या सेट केलेल्या कुठल्याही पर्यायात रोजच्या लोडला जाणवेल इतका फरक क्वचितच पडतो. फरक पडतो तो बिघाडाच्या वेळी. पाथ गेल्यावर अ‍ॅप्लिकेशन किती सेकंद थांबतं? सगळेच पाथ गेले तर काय होतं? आणि पुढच्या कर्नल अपडेटसाठी कोणाची वाट बघावी लागते? खालची तुलना या तीन प्रश्नांवरच केली आहे.

आधी हार्डवेअर

दोन पोर्टचं एक कार्ड आणि एका पोर्टची दोन कार्डं, दोन्हींत मल्टिपाथच्या यादीत चारच पाथ दिसतात. पण पहिल्यात कार्ड किंवा पीसीआयई स्लॉट गेला की चारही पाथ एकदम जातात. 'अडॅप्टर फेलओव्हर' म्हणायचं असेल तर दोन वेगळी कार्डं, शक्यतो वेगवेगळ्या रायझरवर, आणि प्रत्येक कार्ड वेगळ्या स्विचला, म्हणजे ए आणि बी फॅब्रिक (स्विचची जाळी) स्वतंत्र. प्रत्येक फॅब्रिकमधून दोन्ही कंट्रोलरांकडे जाता आलं पाहिजे. बजेट कमी असेल तर पॉवरपाथच्या लायसन्सआधी दुसरं कार्ड घ्या.

सर्व्हर सॅनवरूनच (स्टोरेजच्या नेटवर्कवरून) बूट होत असेल तर आणखी एक गोष्ट. दोन्ही एचबीएंच्या बायोसमध्ये बूट लन नोंदवलेला हवा. चालू सर्व्हरवर फेलओव्हर छान होतो, पण एक एचबीए मेलेला असताना रीबूट केलं आणि दुसऱ्याच्या बायोसमध्ये लन नोंदवलेलाच नसेल, तर मशीन उठत नाही. हे कोणतंही मल्टिपाथ सॉफ्टवेअर सावरू शकत नाही, कारण त्या क्षणी ते लोडच झालेलं नसतं.

लिनक्स: डीएम-मल्टिपाथ

रेड हॅट, सुसे, उबुंटू, सगळीकडे हे मिळतं, वेगळं लायसन्स नाही. कर्नलमधला डिव्हाइस मॅपर आणि सोबत मल्टिपाथडी हा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम. रेड हॅटवर एमपाथकॉन्फ चालवलं की सुरुवातीची कॉन्फिग फाइल तयार होते. प्रसिद्ध स्टोरेजची सेटिंग सॉफ्टवेअरमध्येच आधीपासून भरलेली असतात, त्यामुळे अनेकदा फाइलमध्ये फार काही लिहावं लागत नाही. तरी स्टोरेज कंपनीच्या होस्ट गाइडमधली मूल्यं ताडून बघायलाच हवीत.

पाथचे गट कसे पाडायचे हे आधी ठरवावं लागतं. 'फेलओव्हर' पॉलिसीत एका वेळी एकच पाथ चालतो, बाकीचे राखीव. 'मल्टिबस'मध्ये सगळे एकाच गटात. कुठल्याही कंट्रोलरमार्गे लन सारख्याच वेगाने मिळतो अशा स्टोरेजला ते ठीक आहे. पण मध्यम आकाराची बरीच स्टोरेज अलुआ पद्धतीची असतात. लनचा मालक एक कंट्रोलर असतो आणि दुसऱ्यामार्गे गेलं तर वळसा पडतो. तिथे प्राधान्यानुसार गट पाडायचे. मल्टिपाथचं आउटपुट काढलं की हे स्पष्ट दिसतं: वरच्या गटात प्रायो (प्राधान्य) ५० असलेले दोन पाथ, खालच्या गटात प्रायो १० असलेले दोन, आणि प्रत्येक पाथपुढे 'अ‍ॅक्टिव्ह रेडी रनिंग'. एक केबल काढली की काही सेकंदांत त्या पाथपुढे 'फेल्ड फॉल्टी' येतं. अलुआ स्टोरेजवर चारही पाथ एकाच गटात दिसले तर सेटिंग चुकलंय असं समजा. तो सर्व्हर चालेल, पण निम्मा आयओ वळशाने जाईल.

आता सेकंदांचा हिशोब. फायबर चॅनलवर लिंक गेली की कर्नल तो पोर्ट थोडा वेळ रोखून धरतो, लिंक परत आली तर बरं म्हणून. मल्टिपाथमध्ये 'फास्ट आयओ फेल' ही मुदत सहसा ५ सेकंद असते. ती संपली की अडकलेला आयओ वर परत येतो आणि दुसऱ्या पाथने जातो. म्हणजे डेटाबेस पाच-सहा सेकंद अडखळेल, पडणार नाही. आयस्कझीचं (साध्या इथरनेटवरून येणारं स्टोरेज) वेगळं आहे. तिथे सेशन रिप्लेसमेंटची, म्हणजे तुटलेलं कनेक्शन परत येण्याची वाट बघायची, डीफॉल्ट मुदत १२० सेकंद आहे. एकच पाथ असेल तर ती योग्य, कारण थांबण्यावाचून पर्यायच नसतो. मल्टिपाथ असताना मात्र हीच मुदत लागू राहिली तर दुसरा पाथ मोकळा असूनही सर्व्हर दोन मिनिटं गप्प बसतो. नव्या आवृत्त्यांत डीएम-मल्टिपाथ आपल्या 'फास्ट आयओ फेल'ने ही मुदत स्वतःच बदलतं, तरी प्रत्यक्ष लागू मूल्य पाच-दहा सेकंदांवर आहे हे बघितल्याशिवाय फेलओव्हर लागला असं म्हणू नये.

सगळे पाथ गेले तर

इथे मी जास्त वेळ घालवतो, कारण याच एका सेटिंगवर त्या रात्री काय होईल हे ठरतं. डीएम-मल्टिपाथमध्ये 'नो पाथ रिट्राय' नावाचं मूल्य आहे. 'फेल' ठेवलं तर शेवटचा पाथ जाताच आयओ एरर वर जाते. मग सेटिंगनुसार एक्स्ट४ रीड-ओन्ली होते, एक्सएफएस बंद पडते, डेटाबेस खाली येतो. 'क्यू' ठेवलं तर आयओ रांगेत थांबून राहतो, हवा तितका वेळ. स्टोरेज परत आलं की काही झालंच नाही असं सगळं सुरू होतं. पण स्टोरेज आलंच नाही तर प्रोसेस 'डी' स्टेटमध्ये अडकतात, किल लागू पडत नाही, अनमाउंट होत नाही, कधी रीबूटही अडतं. मग मल्टिपाथडीला क्यूइंग बंद करायला सांगून आयओ सोडवावा लागतो.

मधला रस्ता आकड्याचा. पोलिंग (पाथ तपासण्याचं अंतर) ५ सेकंदांचं असेल आणि रिट्राय १२ ठेवलं तर साधारण ६० सेकंद रांग, मग एरर. एकट्या सर्व्हरला मी असा आकडाच ठेवीन, स्टोरेजचा कंट्रोलर रीस्टार्ट व्हायला जितका वेळ घेतो त्याहून थोडा जास्त. क्लस्टरमध्ये (एकमेकांचं काम उचलणारे सर्व्हर) नोडने, म्हणजे त्यातल्या एका सर्व्हरने, लवकर हार मानावी, म्हणजे दुसरा नोड काम उचलेल. तिथे कायमची क्यू ठेवली तर मेलेला नोड जिवंत असल्यासारखा दिसत राहतो आणि क्लस्टर लावण्याचा हेतूच बुडतो.

पॉवरपाथ कुठे जिंकतं

पॉवरपाथला पैसे पडतात आणि ते पैसे वाया जात नाहीत अशा जागा आहेत. पहिली, अर्धमेले पाथ. केबल पूर्ण तुटली तर कुठलंही सॉफ्टवेअर ओळखतं. एसएफपी (केबल जिथे लागते तो मॉड्यूल) खराब होऊन पाथ दर दोन मिनिटांनी जातो-येतो, तेव्हा खरा त्रास होतो. पॉवरपाथ असा पाथ आपोआप स्टँडबायमध्ये टाकू शकतं. डीएम-मल्टिपाथमध्येही 'मार्जिनल पाथ'ची सेटिंग आहेत, पण ती स्वतः चालू करून आकडे ठरवावे लागतात, आणि फार थोड्या ठिकाणी ती चालू दिसतात.

दुसरी जागा मायग्रेशनची. जुन्या अ‍ॅरेवरून नव्यावर डेटा हलवताना पॉवरपाथच्या मायग्रेशन सुविधेने अ‍ॅप्लिकेशन चालू ठेवता येतं. तिसरी, एकसारखेपणा. लिनक्स, विंडोज, एआयएक्स, तिन्हींवर 'पॉवरएमटी' कमांडने तसंच चित्र दिसतं. शेकडो होस्ट सांभाळणाऱ्या स्टोरेज टीमला हे मोठं सुख आहे.

किंमत मोजावी लागते ती अपडेटच्या वेळी. लिनक्सवर पॉवरपाथ हे कर्नल मॉड्यूल आहे आणि ते विशिष्ट कर्नल आवृत्त्यांसाठीच येतं. सिक्युरिटी पॅच आला, पण त्या कर्नलचा सपोर्ट मॅट्रिक्समध्ये उल्लेख नसेल तर थांबा. ज्या टीमला दर महिन्याला पॅचिंग बंधनकारक आहे तिथे हा त्रास लायसन्सपेक्षा महाग पडतो. शिवाय अडचण आली की ओएसवाला स्टोरेजवाल्याकडे बोट दाखवतो, स्टोरेजवाला ओएसवाल्याकडे. आणि एका लनवर दोन्ही मल्टिपाथ चालत नाहीत. पॉवरपाथ असेल तर डीएम-मल्टिपाथ ब्लॅकलिस्ट किंवा बंद.

विंडोज सर्व्हर

इथे निर्णय सोपा आहे. एमपीआयओ ही ओएसची चौकट, त्यात अ‍ॅरेशी बोलणारा भाग म्हणजे डीएसएम. विंडोज सर्व्हर २००८ पासून मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं डीएसएम सोबत येतं आणि अलुआ स्टोरेजही हाताळतं. पॉवरपाथ विंडोजवर याच चौकटीत बसतं. फीचर चालू करा, एमपीक्लेमने लन ताब्यात घ्या, रीबूट करा. पॉलिसी निवडायला भरपूर आहेत: फक्त फेलओव्हर, राउंड रॉबिन, सबसेटसह राउंड रॉबिन, लीस्ट क्यू डेप्थ वगैरे. एका लनला जास्तीत जास्त ३२ पाथ. तेवढे कोणी करूही नयेत, चार पुरतात.

बघायची दोन मूल्यं. पाथ व्हेरिफिकेशन डीफॉल्टने बंद असतं. म्हणजे ज्या पाथवर आयओ जात नाही तो मेलाय हे विंडोजला वेळेवर कळेलच असं नाही. हे चालू करा. आणि 'पीडीओ रिमूव्ह पिरियड' डीफॉल्ट २० सेकंद: सगळे पाथ गेल्यावर डिस्क इतकाच वेळ टिकते, मग ओएस ती काढून टाकतं. कंट्रोलर बदलायला तुमच्या स्टोरेजला यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर स्टोरेज कंपनी सांगेल तेवढं वाढवा. लिनक्सवरच्या 'क्यू'सारखी अमर्याद वाट इथे नाही. आयस्कझीच्या कार्डांचं टीमिंग (दोन कार्डांचं एक करणं) करू नका, दोन वेगळे आयपी ठेवून एमपीआयओलाच पाथ सांभाळू द्या.

विंडोजवर मी आधी मायक्रोसॉफ्टचं डीएसएमच घेईन. स्टोरेज कंपनीच्या कागदात तिचंच डीएसएम हवं असं स्पष्ट लिहिलं असेल तरच दुसरं.

एनव्हीएमई

एफसी (फायबर चॅनल) किंवा टीसीपीवरून एनव्हीएमई येत असेल तर वाद लवकर मिटतो. कर्नल ४.१५ पासून एनव्हीएमई ड्रायव्हरमध्येच मल्टिपाथ आहे. अलुआच्या जागी इथे एएनए, म्हणजे कोणता पाथ जवळचा हे सांगायची एनव्हीएमईची पद्धत. रेड हॅट ८ मध्ये डीफॉल्ट डीएम-मल्टिपाथ होतं, ९ मध्ये ड्रायव्हरमधलं. हेच ठेवा. फक्त आयओ पॉलिसी बघा: डीफॉल्ट 'नूमा'मध्ये सीपीयूच्या जवळचा एकच पाथ वापरला जातो. दोन्ही कार्डांवर लोड हवा असेल तर राउंड रॉबिन करावं लागतं. आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत मल्टिपाथ लावायच्या भानगडीत सहसा पडू नका, ते काम हायपरवायझरचं आहे.

मग घ्यायचं काय

मोजके सर्व्हर, दोन-तीन कंपन्यांची स्टोरेज, नियमित पॅचिंग: डीएम-मल्टिपाथ. सगळी स्टोरेज एकाच कंपनीची, होस्ट शेकड्यांनी, पॉवरपाथ जाणणारी टीम आधीच आहे: तेच चालू ठेवा, मोडू नका. येत्या वर्षभरात जुनी अ‍ॅरे काढायची आहे: मायग्रेशनपुरतं तरी लायसन्सचं गणित मांडून बघा.

पॉवरपाथवरून डीएम-मल्टिपाथवर जाणाऱ्याने डाउनटाइम मागून घ्यावा. डिव्हाइसची नावं बदलतात, म्हणून एफएसटॅबमध्ये यूयूआयडी किंवा एलव्हीएमची (लिनक्सची डिस्क-विभागणी) नावं आहेत ना ते आधी तपासा. एलव्हीएम सुट्या एसडीबी-एसडीसीवर न बसता एमपाथ डिव्हाइसवर बसलंय ना, तेही बघा. रूट डिस्क सॅनवर असेल तर ड्रॅकटने इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी इमेज) पुन्हा बांधा.

चाचणी करताना फक्त सर्व्हरची केबल काढून भागत नाही. ती सगळ्यांत सोपी परीक्षा आहे, कारण एचबीएला लिंक गेल्याचं लगेच कळतं. स्विचच्या पलीकडची, स्टोरेजकडची केबल काढा. मग एक पूर्ण स्विच बंद करा, मग एक कंट्रोलर रीस्टार्ट करा, आणि दर वेळी एफआयओसारख्या टूलने चालू लिखाण ठेवून ते किती सेकंद अडकलं ते लिहून ठेवा. पाथ परत आल्यावरही थांबून बघा. फेलबॅक 'इमिजिएट' असेल तर लिंक आल्या क्षणी आयओ परत तिकडे धावतो, आणि पुन्हा पुन्हा उठणाऱ्या-पडणाऱ्या लिंकवर तो असा येरझाऱ्या घालत राहतो. क्लस्टरमध्ये दोन नोड एकाच लनला दोन कंट्रोलरांकडून ओढायला लागतात तेही याच सेटिंगमुळे. तिथे फेलबॅक मॅन्युअल ठेवून, कारण सापडल्यावर हाताने परत न्यावं.