वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस: वरच्या टोकाचे उत्पन्न मोजणारी मोफत सेवा

समाजातील उत्पन्नाची विषमता सांगताना आपण बहुधा गिनी गुणांकाचा, म्हणजे सगळी विषमता एकाच आकड्यात सांगणाऱ्या मापाचा, आधार घेतो. १९१२ पासून चालत आलेले हे माप उपयुक्त आहे. परंतु वाटणी अगदी भिन्न असलेल्या दोन समाजांचा गुणांक सारखा येऊ शकतो आणि दरी नेमकी कोणत्या थरात आहे हे त्यातून कळत नाही. वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस ही ऑनलाइन सेवा मला मोलाची वाटते ती याच कारणाने. राष्ट्रीय उत्पन्नातील तळच्या ५०, मधल्या ४० आणि वरच्या १० टक्के लोकांचा वाटा कसा बदलत गेला हे तेथे देशवार पाहता येते आणि आकडेवारी विनामूल्य उतरवून घेता येते.

तिचे खरे सामर्थ्य वरच्या टोकाच्या मोजणीत आहे. घरोघरच्या पाहण्यांत अतिश्रीमंत कुटुंबे क्वचितच सापडतात, आणि सापडली तरी उत्पन्न कमी सांगतात. म्हणून पाहणीला प्राप्तिकराच्या आकडेवारीची जोड देऊन येथे एकूण बेरजेचा मेळ राष्ट्रीय लेख्यांशी, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अधिकृत हिशेबाशी, घातला जातो. कंपन्यांनी लाभांश म्हणून न वाटता राखून ठेवलेला नफा भागधारकांच्या विवरणपत्रांत दिसत नाही, तरी त्याने संपत्ती वाढते ती त्यांचीच. ही सेवा तो नफा त्यांच्या उत्पन्नात धरते, हा मला तिचा सर्वांत योग्य निर्णय वाटतो.

अर्थात, असा मेळ घालताना गृहीतके बरीच येतात. अमेरिकेच्या बाबतीत ऑटेन आणि स्प्लिंटर या अर्थतज्ज्ञांनीही करविवरणांचाच आधार घेतला, तरी लपवलेले उत्पन्न कोणत्या थरात किती धरावे यासारख्या प्रश्नांवर वेगळी भूमिका घेतल्यामुळे वरच्या १ टक्क्याच्या वाट्यातील वाढ त्यांना बरीच कमी आढळली. जेथे कराची आकडेवारी प्रसिद्धच होत नाही, तेथील रेषाही आलेखावर तितकीच ठाम दिसते, ही गंभीर उणीव आहे. माहितीच्या दर्जाची नोंद सेवा देते खरी, पण ती रेषेशेजारीच ठळकपणे हवी.

येथील मुख्य आकडे करपूर्व उत्पन्नाचे, निवृत्तिवेतन धरून आणि जोडप्याचे उत्पन्न दोघांत समान वाटून काढलेले असतात. जागतिक बँकेचे आकडे मात्र कुटुंबाच्या दरडोई उत्पन्नाचे, आणि अनेक देशांत तर खर्चाचे असतात. श्रीमंत कुटुंबे उत्पन्नाचा मोठा भाग खर्चच करत नसल्यामुळे खर्चातील विषमता सहसा कमी भरते. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी मांडू नयेत. एकाच देशातील दीर्घकालीन बदल अभ्यासण्यासाठी मी या सेवेची शिफारस निःसंकोच करेन. देशांची क्रमवारी लावण्यासाठी मात्र, प्रत्येक देशाच्या माहितीचा दर्जा तपासल्याशिवाय, करणार नाही.