ट्रॅकवरच्या मियाटासाठी मोटुल आरबीएफ ६०० ब्रेक फ्लुइड: पैसे वसूल
मियाटा (माझदाची छोटी ओपन टॉप स्पोर्ट्स कार) घेऊन कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका रेस ट्रॅकला जाणार असाल तर हॉर्सपॉवरचं नंतर बघा, आधी ब्रेक फ्लुइड बदला. फ्लुइड उकळलं की पेडल मऊ पडतं; डॉट ४ दर्जाच्या फ्लुइडचा कोरडा (म्हणजे ओलावा न शिरलेल्या, नव्या फ्लुइडचा) बॉइलिंग पॉइंट किमान २३० डिग्री सेल्सियस लागतो, आरबीएफ ६०० चा ३१२ आहे, आणि मेन स्ट्रेटवरून दुसऱ्या टर्नच्या हेअरपिनला (यू-टर्नसारख्या वळणाला) प्रत्येक लॅपला जोरात ब्रेक मारावा लागतो ना, तिथे हा फरक पायाला कळतो, सेशन संपत आलं तरी पेडल तसंच टणक, जरापण स्पंजी नाही. फक्त हे ओलावा पटकन ओढतं, म्हणून वर्षभर तसंच ठेवू नका, ब्लीड करत राहा, म्हणजे जुनं फ्लुइड काढून नवं भरत राहा. आणि ओपन टॉप गाडीला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा सीटमागचा मजबूत दांडा) पाहिजे म्हणजे पाहिजेच! हेल्मेट घालून बसा, बारच्या माथ्यापासून विंडशील्डच्या वरच्या कडेवर सरळ काठी ठेवा, हेल्मेट काठीच्या दोन इंच तरी खाली हवं, नसेल तर आधी सीट खाली करून घ्या.