बॉसकॅसलचं विचक्राफ्ट म्युझियम: तिथल्या पाट्या वाचायला तरी जा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलला फिरायला जाणारे आपले बरेच लोक टिंटाजेलचा किल्ला बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात, पण तिथून जेमतेम सहा-सात किलोमीटरवर बॉसकॅसल नावाचं छोटंसं बंदर आहे आणि तिथे म्युझियम ऑफ विचक्राफ्ट अँड मॅजिक आहे, ते अजिबात चुकवू नका. नाव वाचून किंचाळ्या-बिंचाळ्या, भुताचा बंगला असलं काही डोक्यात आलं असेल तर ते आधी काढून टाका.

मी मुद्दाम गेले ते माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे. ती स्वतःला पेगन म्हणवते, म्हणजे ख्रिश्चन धर्माआधीच्या जुन्या देव-देवता आणि निसर्ग मानणारी, विक्कन म्हटलेलं तिला चालत नाही, विच म्हटलेलं चालतं पण ते तिने स्वतः सांगितल्यावर, आपण आपलं परस्पर लावायचं नाही. सुरुवातीला मला वाटायचं एवढं काय त्यात, सगळं एकच तर आहे. एकच नाहीये. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म म्हणून पेगन लिहिलं आणि विक्का लिहिणारे साधारण १३ हजारच. म्हणजे विक्का हा त्यातला एक पंथ झाला, ड्रुइड वेगळे, हीदन वेगळे, आणि विच म्हणवणाऱ्या कितीतरी जणी कुठलाच धर्म मानत नाहीत.

म्युझियमचा जन्मच ‘विच कोणाला म्हणायचं’ या भांडणातला आहे म्हणा ना. १९५१ साली इंग्लंडमधला १७३५ चा विचक्राफ्ट कायदा रद्द झाला आणि त्याच वर्षी सेसिल विल्यमसनने आयल ऑफ मॅनवर कॅसलटाउनला हे म्युझियम काढलं, विक्का पंथाचा प्रणेता जेराल्ड गार्डनर तिथे चक्क ‘रेसिडेंट विच’ म्हणून होता. पुढे दोघांचं पटलं नाही, जागा गार्डनरने घेतली आणि विल्यमसन आपला संग्रह घेऊन विंडसर, बोर्टन-ऑन-द-वॉटर असं करत १९६० मध्ये बॉसकॅसलला आला. गार्डनरचं सगळं लक्ष दीक्षा, कोव्हन (म्हणजे विच मंडळींचा छोटा गट), देव-देवी असलेल्या धर्माकडे, आणि विल्यमसनला रस होता तो गावाच्या कडेला एकटीने राहून लोकांची कामं करून देणाऱ्या बायांमध्ये, त्यांना तो ‘वेसाइड विच’ म्हणायचा. गार्डनरच्या परंपरेतले म्हणून ‘गार्डनेरियन’ हा शब्दसुद्धा आधी टोमणा म्हणून आला असं सांगतात, आज तोच लोक अभिमानाने लावतात.

आत खोल्या लहान आहेत, दोन मजले, गर्दीत जरा चेंगरायला होतं, पण प्रत्येक कपाटापाशी थांबावंसं वाटतं. मला सगळ्यात आवडला तो समुद्राच्या जादूचा भाग. गाठी मारलेली दोरी, खलाशी ती विकत घ्यायचे, पहिली गाठ सोडली की झुळूक, दुसरी सोडली की चांगला वारा आणि तिसरी सोडायचीच नाही कारण मग वादळ. ती दोरी बनवणारी बाई स्वतःला काय म्हणत असेल हे आपल्याला माहीत नाही आणि ते गृहीत धरू नये, हे इथे फिरताना हळूहळू डोक्यात शिरतं. कारण जुन्या काळी चोरी शोधून देणारे, करणी उतरवणारे, गुरांना औषध देणारे जे लोक होते त्यांना कनिंग फोक म्हणायचे, कॉर्नवॉलमध्ये पेलर, आणि ते बहुतेक सगळे ख्रिश्चन होते, चिठ्ठीवर बायबलमधल्या ओळी लिहून द्यायचे, विच म्हणजे त्यांच्या लेखी शत्रू. हेल्स्टनची टॅमी ब्ली (१७९८-१८५६) यातलीच प्रसिद्ध. आज तिला सरसकट विच किंवा पेगन म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही. आपली आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, उद्या कोणी तिच्या फोटोखाली चेटकीण लिहिलं तर आपल्याला कसं वाटेल?

आणि जोन विट, तुरुंगात मेलेली आणि पुढे विच म्हणून सांगितली गेलेली बाई. तिचा म्हणून सांगितला जाणारा सांगाडा या म्युझियममध्ये कित्येक वर्षं लोकांना बघायला ठेवलेला होता. ग्रॅहम किंगने १९९६ मध्ये म्युझियम घेतलं आणि १९९८ मध्ये तो जवळच्या मिन्स्टरच्या रानात पुरला. तिथल्या दगडावर जन्म १७७५, मृत्यू १८१३ बॉडमिन तुरुंगात, दफन १९९८ असं कोरलंय आणि खाली ‘यापुढे हाल नाहीत’ अशा अर्थाची ओळ. विच हा शब्द आठवणीतसुद्धा तिच्यावर लादलेला नाही, मला हे फार मोठं वाटतं.

छळाचा भाग बघताना मात्र घशाशी येतं. शेजारच्या डेव्हनमधल्या बिडफर्डच्या तीन बायकांना १६८२ मध्ये एक्सेटरला फाशी दिली, त्यांना हे नाव शेजाऱ्यांनी लावलेलं. आपल्याकडे नंदुरबार भागात बायकांना डाकीण ठरवून अजून मारहाण होते, २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात एखाद्यावर करणीचा आरोप करून छळणं हा गुन्हा आहे तो उगाच नाही. म्हणून कोणी स्वखुशीने स्वतःला विच म्हणत असेल तर त्या शब्दामागे काय काय आहे ते या खोलीत उभं राहिल्यावर कळतं, आणि तो शब्द कोणी कोणाला लावायचा हा वाद फालतू नाही हेही.

याच्या उलट अनुभव ग्लास्टनबरी या पेगन लोकांच्या आवडत्या गावातल्या एका दुकानात आला, नाव घेत नाही. एकाच पांढऱ्या मेणबत्तीच्या बरण्या, फक्त लेबलं वेगळी, किचन विच, ग्रीन विच, हेज विच, आणि काउंटरवरची बाई मैत्रिणीला विचारते तू नक्की कुठली, दीक्षा घेतलीयस का, नाही? मग विच कशी. मैत्रीण काही न घेता बाहेर पडली. ज्यांना दीक्षा महत्त्वाची वाटते त्यांचा मी मान राखते, विक्कातल्या गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन परंपरेत ती लागतेच, पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायची काय गरज.

जायचं असेल तर थोडी माहिती. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, साधारण वसंतापासून हॅलोविनपर्यंत उघडं, तारखा बघूनच निघा. रेल्वे बॉसकॅसलला जात नाही, बॉडमिन पार्कवेला उतरून पुढे बस बघावी लागते, गाडी असेल तर उत्तम. लहान मुलांना न्यायचं तर छळाच्या आणि शापाच्या कपाटांपाशी आधी तुम्ही डोकावून या. १६ ऑगस्ट २००४ च्या पुरात या गावात पाणी शिरलं होतं, गाड्या समुद्रात वाहून गेल्या, कोणी दगावलं नाही हे नशीब, म्युझियमचंही नुकसान झालं आणि तरी ते पुन्हा उभं राहिलं. अभ्यास करायचा असेल तर म्युझियमची लायब्ररी आहे, हजारो पुस्तकं, त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. आणि घरबसल्या ऑनलाइन कॅटलॉग बघा, त्यात बऱ्याच वस्तूंखाली विल्यमसनचा मूळ मजकूर जसाच्या तसा वेगळा दिलाय, त्यामुळे कोणी काय म्हटलं होतं ते स्पष्ट दिसतं. माझ्याकडून पाचपैकी पाच.