शिवाजी पार्क : अकरा महिने रोज वापरल्यानंतर

माझ्या गुडघ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रोज ४० मिनिटे सपाट जागेवर चालायला सांगितले, तेव्हा आम्ही नुकतेच दादर पश्चिमेला ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहायला आलो होतो. घरापासून शिवाजी पार्क ६ मिनिटांच्या अंतरावर होते. जूनपासून एप्रिलपर्यंत, आजारपणाचे काही दिवस वगळता, मी रोज तिथे चालले आणि ऑगस्टपासून माझी ९ वर्षांची मुलगी तिथल्याच व्यायामशाळेत मल्लखांब शिकू लागली. करार आता संपत आला आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात कट्ट्यापासूनच करायला हवी, कारण बहुतेकांचे पार्क म्हणजे हा कट्टा. सुमारे २८ एकरांच्या मैदानाला वेढणारी ही बसकी भिंत बसायला अगदी बेताच्या उंचीची आहे. तिच्या कडेने एक फेरी मारली की सुमारे १.२ किलोमीटर चालणे होते, त्यामुळे अंतर मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. पहिल्या महिन्यात मला एकच फेरी जमत असे, डिसेंबरात मी न थांबता तीन फेऱ्या पूर्ण करू लागले. दमल्यावर कुठेही टेकता येते, ही सोय गुडघेदुखीच्या माणसाला किती मोलाची वाटते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. रोज सकाळी साडेसहाला एक आजोबा आपल्या ठरलेल्या जागी येतात, खिशातला रुमाल काढून कट्ट्याचा हातभर भाग पुसतात, शेजारी येणाऱ्या मित्रासाठी आणखी हातभर पुसतात आणि मगच बसतात. माथ्यावर पर्जन्यवृक्षांची सावली असल्याने मार्चमध्येही नऊ वाजेपर्यंत चालता येते.

मैदानाचा मधला भाग क्रिकेटचा आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे इतके सामने एकाच वेळी चालतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीशेजारी उभा असतो, आणि तरीही कोणता चेंडू कोणाचा याबद्दल वाद होताना मी क्वचितच पाहिला. रमाकांत आचरेकर सरांनी याच मैदानावर सचिन तेंडुलकरला घडवले. सरावाच्या शेवटी ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत आणि सचिन बाद न होता टिकला तर ते नाणे त्याचे होई. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत. ही गोष्ट मी पूर्वी वर्तमानपत्रात वाचली होती, पण उंचीला आपल्याएवढीच किटबॅग ओढत पहाटे बसमधून उतरणारी मुले रोज पाहिल्यावर त्या नाण्याची किंमत खरी समजली. पावसाळ्यात इथे १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगचे सामनेही होतात. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर चेंडू कसा वळेल याचा भरवसा नसतो, आणि मुंबईच्या फलंदाजांचे तंत्र त्यातूनच पक्के झाले असे जुने खेळाडू सांगतात. मैदानाच्या उरलेल्या भागात त्या दिवसांत फुटबॉल आणि चिखल या दोघांचेच राज्य असते.

श्री समर्थ व्यायाम मंदिराबद्दल मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते. उदय देशपांडे सरांना मल्लखांबाच्या कार्यासाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची ही संस्था. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल तेल लावतात, हेसुद्धा मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. तेलामुळे लाकडाशी होणारे घर्षण कमी होऊन कातडी सोलवटत नाही. माझी मुलगी दोरीचा मल्लखांब करते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून शरीर वर उचलायचे असते, आणि ती चिमटी बसायला तिला पुरते दोन महिने लागले. बोटांच्या बेचक्यात आधी फोड आले, मग घट्टा पडला. ज्या दिवशी ती पहिल्यांदा हात सोडून दोरीवर स्थिर राहिली, त्या दिवशी तिच्याहून मोठ्या मुलींनी आपला सराव थांबवून टाळ्या वाजवल्या. एरवी टाळीचा आवाज तिथे फारसा ऐकू येत नाही, शिक्षकांचे आकडे तेवढे ऐकू येतात.

बंगाल क्लब, जिमखाना, स्काउटचा हॉल, लहान मुलांची बाग, ग्रंथालय आणि उद्यान गणेशाचे मंदिर हे सारे मैदानाच्या कडेलाच आहे. बंगाल क्लबची दुर्गापूजा मी यंदा पहिल्यांदा पाहिली. बाकीच्यांचा वापर मी फारसा केलेला नाही.

हे मैदान १९२५ साली तयार झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. इथला महाराजांचा अश्वारूढ पुतळा लोकवर्गणीतून उभा राहिला, आणि त्यांच्या हाती तलवार नसून हात पुढे केलेला आहे, हे मला कितीतरी फेऱ्यांनंतर लक्षात आले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी आणि १९६६ पासूनच्या दसरा मेळाव्यांनी हे मैदान महाराष्ट्रभर पोहोचवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने याला शांतता क्षेत्र ठरवले असून खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस ठरवून दिलेले आहेत. त्या दिवसांत फेरी अर्धवट सोडावी लागते, याची नव्याने येणाऱ्यांनी तयारी ठेवावी. माझी त्याबद्दल तक्रार नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या दर्शनासाठी गावोगावहून आलेली माणसे मैदानातल्या मंडपात मुक्कामाला होती. पहाटे एक आजी नातीची वेणी घालत होत्या आणि नात मांडीवर नवे पुस्तक उघडून वाचत होती. त्या दिवशी मी चालले नाही, पुस्तकांच्या दुकानांतून फिरले.

तक्रार आहे ती धुळीची. डिसेंबर ते मार्च या काळात दुपारच्या वाऱ्याबरोबर तांबडी माती उडून कट्ट्यावर आणि आसपासच्या घरांत बसते. आमच्या गॅलरीतले कपडे जानेवारीत दोनदा धुवावे लागत. पाणी मारलेल्या दिवशी फरक स्पष्ट जाणवतो, पण ते नियमित मारले जात नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी या महिन्यांत संध्याकाळ टाळून सकाळीच यावे. दुसरी उणीव स्वच्छतागृहांची. एवढ्या गर्दीच्या मानाने ती अपुरी आहेत आणि त्यामुळे वयस्कर बायका फेरी आवरती घेतात, हे मी स्वतः त्यांच्याकडून ऐकले आहे. मैदानातून आडवे जाताना चेंडूकडे लक्ष ठेवावे. ऑक्टोबरात एक चेंडू माझ्या दंडावर बसला आणि तो हिरवा-निळा डाग दोन आठवडे राहिला. मारणारा मुलगा मात्र पुढचे कित्येक दिवस मला पाहून 'काकू, हात बरा आहे ना?' असे विचारत असे.

सकाळी सहा ते आठ चालणाऱ्यांचे आणि नेटमध्ये सराव करणाऱ्यांचे, दुपार सामन्यांची, चारनंतर लहान मुलांची आणि रात्री कट्ट्यावर गप्पा मारणाऱ्या तरुणांची, अशी वेळेची वाटणी इथे कोणी न लिहिता ठरलेली आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही माहीमला राहायला जातो आहोत. मुलीची मल्लखांबाची वेळ आम्ही तीच ठेवली आहे, तेव्हा तिला सोडल्यावर तिचा सराव संपेपर्यंत माझ्या तीन फेऱ्या होतील.