फॅमिलीसर्च आणि गूगल फोटोज: वंशावळीत बायकांची नावं भरताना आलेला अनुभव

गेल्या गणपतीपासून घराण्याची वंशावळ फॅमिलीसर्च या साइटवर भरतेय आणि जुने फोटो गूगल फोटोजच्या शेअर्ड अल्बममध्ये टाकतेय, आता दोन्हींबद्दल नीट बोलता येईल इतका वापर झालाय. मूळचे आम्ही वेंगुर्ल्याकडचे, आजोबा गिरणीत लागले आणि लालबागला राहिले, आता सगळे दहिसरपासून डोंबिवलीपर्यंत पांगलोत, त्यामुळे एका जागी बसून कुणाला काही विचारायची सोयच उरली नाही.

फॅमिलीसर्च पूर्ण फुकट आहे, अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची संस्था चालवते. जातीच्या दाखल्यासाठी काकांनी केलेली वंशावळ घरात होतीच, पण तिच्यात नुसते पुरुष. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, बास. इथे प्रत्येकाच्या बाजूला जोडीदाराचा चौकोन येतो आणि वर आई-बाबा दोघांचे, आणि ते आईचे रिकामे चौकोन मला बघवेनात. आपल्याकडे लग्नात आडनावच काय, नावसुद्धा बदलायचे, म्हणजे रेशन कार्डावर एक नाव आणि माहेरी भलतंच. इथे मुख्य नाव माहेरचं ठेवायची पद्धत आहे आणि बाकीची पर्यायी नावं म्हणून टाकता येतात, सासरचं, हाक मारायचं, सगळं. माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट.

पण ही नावं मिळाली फोटोंमुळे. मोठी आत्या फोनवर कायम "माका काय आठवत नाय गो" म्हणायची. अल्बममधला एक ग्रुप फोटो टॅबवर मोठा करून दाखवला तर कडेच्या बाईवर बोट ठेवून लगेच म्हणाली, ही आबांची पहिली बायको, बाळंतपणात गेली. आमच्या कुठल्याच कागदावर ती नव्हती! मग तिचं माहेर, तिच्या भावाचं नाव, सगळं आत्याच सांगत गेली आणि मी रेकॉर्डिंग लावून ठेवलं. त्या दिवसापासून मी आधी फोटो दाखवते, प्रश्न नंतर.

फोटो काढायला गूगलचं फोटोस्कॅन वापरते. स्क्रीनवरच्या चार ठिपक्यांवर फोन फिरवायचा, मग चकाकी जाते, चकचकीत स्टुडिओ फोटोंना तर हवंच. फोटोची मागची बाजूपण स्कॅन करा, शिक्का नाहीतर पेन्सिलीने लिहिलेलं साल तिथेच सापडतं. स्कॅन केलेल्यावर आजची तारीख पडते ती बदलायला लागते, नाहीतर आजोबांचं लग्न यंदाच्या फोटोंत येऊन बसतं. व्हॉट्सअपवर पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले की क्वालिटी जाते. गूगलची फुकटची जागा 15 जीबी, त्यात मेलपण आला, 2021 च्या जूनपासून अनलिमिटेड बंद झालंय, तेव्हा मोठ्या कुटुंबाने अल्बम दोघातिघांच्या अकाउंटवर वाटून घ्यावेत.

आता जे आवडत नाही ते. फॅमिलीसर्चचं झाड, म्हणजे वंशावळ, सगळ्या जगाचं मिळून एकच आहे. जिवंत माणसांची माहिती बाहेरच्यांना दिसत नाही, पण गेलेल्या माणसाचं पान कुणीही बघू शकतं आणि बदलूही शकतं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी कोणी सांगितलं ते लिहिते. हरिद्वारचे पंडे, म्हणजे तिथले पुरोहित, यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं वह्यांत लिहून ठेवतात, त्या वह्यांचे फोटो तिथे आहेत, उत्तरेकडच्या लोकांना त्याचा खूप उपयोग होत असेल, मला मात्र आमच्या गावाकडचं तयार असं काही सापडलं नाही, जे आहे ते माणसांकडूनच गोळा करावं लागतंय. एका पेड साइटचं ट्रायलपण घेतलं होतं, ते संपायच्या आधीच बंद केलं, पैसे देण्यासारखं आमच्यासाठी तिथे काही नव्हतं.

आणखी एक, फॅमिलीसर्चवरून झाडाची जेडकॉम (GEDCOM) फाइल, म्हणजे वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल, थेट उतरवून घेता येत नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर जोडावं लागतं. मी सध्या प्रत्येक नवीन नाव एका शीटमध्येपण लिहिते आणि ती शीट चुलत बहिणीकडे असते, तिच्या सासरच्या बायकांची नावं आता तीच भरतेय.