बाहुलीचं कपाट: कंपनीचं, तुळशीबागेतलं की घरचं?

बाहुली घरात आली की दोन-चार दिवस बरे जातात. मग तिला बूट लागतात. बूट आले की ते ठेवायला कपाट, आणि कपाट आलं की ते रिकामं कसं ठेवायचं! आमच्या पाच वर्षांच्या लेकीच्या बाहुलीला दिवाळीपासून आजवर गादी, चष्मा, पर्स, स्कूटर, टब आणि घोडा हवा झाला आहे. बाहुली मात्र एकच आहे. तिचं नाव चिंगी.

यात पोरांचा दोष फारसा नाही, हा धंदाच तसा बेतलेला आहे. बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात आली तेव्हा बाहुली तीन डॉलरला होती आणि तिचे बाकीचे कपडे वेगळे घ्यायचे होते. आपल्याकडच्या ठकीचं, म्हणजे जुन्या लाकडी बाहुलीचं, लुगडं तिच्या अंगावरच रंगवलेलं असे. तिला दुसरं लुगडं हवं असेल तर आजीच्या चिंध्यांच्या गाठोड्यात हात घालायचा.

सध्या ‘घेऊ की नको’ अशा पेचात असाल तर मी वापरून पाहिलेले मार्ग खाली मांडते. त्याआधी एक गोष्ट बघा, कारण निम्मं उत्तर तिथेच मिळतं: मागणी आली कुठून? ‘आई, चिंगीला झोप आलीय आणि तिला गादीच नाही’ ही मागणी खेळातून आली. तिथे गादी हवी आहे, मग ती कसलीही चालते. ‘मला खालच्या मजल्यावर आहे तसलंच गुलाबी कपाट हवं’ ही मागणी बघून आली. तिथे कपाटापेक्षा ‘तसलंच’ हा शब्द महत्त्वाचा, आणि घरी केलेलं कितीही देखणं कपाट पुढे ठेवलंत तरी तोंड वाकडंच होणार. मी पहिल्या वर्षी या दोन्ही मागण्यांवर एकच औषध देत होते, म्हणून दोन्हीकडून रडारड.

कंपनीचा पॅक

याचा मोठा गुण म्हणजे वस्तू मापात बसते. बुटांच्या बाबतीत तर दुसरा पर्यायच नाही. नखाएवढे बूट घरी होत नाहीत, आणि बाजारातले पायातून निसटतात. पण मापातही एक मेख आहे. २०१६ पासून बार्बीचे उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची असे आणखी तीन बांधे निघाले. सडपातळ बाहुलीचा फ्रॉक भरल्या अंगाच्या बाहुलीला चढत नाही. पायांचंही तसंच, काहींचे टाचा उचललेले तर काहींचे सपाट. पाकिटावर कोणत्या बांध्यासाठी आहे ते लिहिलेलं असतं. आत्या-मावशी भेट आणणार असतील तर त्यांना आधीच बाहुलीचा फोटो पाठवा, संकोच करू नका.

दोष दोन. किंमत, हा उघड दोष. चार कपडे आणि दोन पर्सांच्या पाकिटाच्या किमतीत कधी कधी दुसरी साधी बाहुली येते. दुसरा दोष थोडा उशिरा कळतो. कंपनीची वस्तू एकच काम करते. टब हा टबच राहतो, उद्या त्याची होडी होईलच असं नाही.

मुलगा असेल आणि गाड्यांचं वेड असेल तर मात्र माझा कौल थेट कंपनीकडे. हॉट व्हील्सच्या गाड्या १:६४ या प्रमाणातल्या, म्हणजे साधारण खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाच्या, आणि त्यांचा नारिंगी ट्रॅक एकमेकांत अडकतो तो नेमक्या मापामुळे. उतार पुठ्ठ्याचा चालतो, पण गोल फिरून गाडी पुढे जायला हवी असेल तर सांधा गुळगुळीतच लागतो. भावाच्या मुलासाठी आम्ही एक नकली ट्रॅक आणला होता. गाडी प्रत्येक सांध्यावर उडायची आणि त्याबरोबर भाचाही. जिथे तुकडे एकमेकांत बसायचे असतात तिथे पैसे वाचवू नयेत.

तुळशीबागेतलं, जत्रेतलं

इथे शंभर-दोनशे रुपयांत पिशवी भरते, आणि मुलांना पिशवी भरण्याचं सुख मोठं असतं. भातुकली तर अजून पुण्याच्या तुळशीबागेतच बघावी. पोळपाट-लाटणं, बंब, कुकर, जातं, स्टीलचे डबे, पितळेची भांडी. लेकीला ‘बाहुलीचं स्वयंपाकघर’ हवं होतं म्हणून मी ते सगळं घेऊन आले, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की कुकर चिंगीच्या डोक्याएवढा आहे. भातुकली मुलांच्या हाताच्या मापाची असते, बाहुलीच्या नव्हे.

मला वाटलं, आता ही फेकून देणार. झालं उलटंच. कंपनीच्या स्वयंपाकघरात चिंगी स्वयंपाक करते आणि लेक तिला हलवते. भातुकलीत लेक स्वतः चुरमुऱ्यांचा भात लावते, चिंगी पाहुणी म्हणून बसते, तिला आग्रह होतो, ती नको म्हणते, मग तिला दटावलं जातं. (आग्रहाचा सूर हुबेहूब माझ्या सासूबाईंचा.) म्हणजे मागितलं होतं बाहुलीसाठी, खेळायला लागली स्वतः. मला हा सौदा सगळ्यांत स्वस्तात पडला.

पण इथेच डोळे सर्वांत उघडे ठेवावे लागतात. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हातगाडीवरच्या पिशवीबंद मालावर ते बहुतेक वेळा दिसत नाही. कपडे, चिमुकल्या खुर्च्या यांचं मी फार मनावर घेत नाही. दिवा लागणाऱ्या, गाणं म्हणणाऱ्या वस्तूंचं घेते. आम्ही एकदा बाहुलीचं वॉशिंग मशीन आणलं. त्याच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रूच नव्हता, नखानं उघडत होतं. आत बटण सेल. हा सेल, विशेषतः २० मिलिमीटरचा चपटा लिथियमचा, मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. मशीन त्याच संध्याकाळी सेलसकट घराबाहेर गेलं. झाकण स्क्रू-ड्रायव्हरशिवाय उघडत असेल तर वस्तू घेऊच नका, मग ती कितीही स्वस्त असो.

घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर कंपनी आणि बाजार दोन्हींना एकच चाळणी लावा. चाचणीत यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात पूर्ण मावेल तो तुकडा त्या वयाला धोक्याचा. बाहुलीचे बूट, पर्स, चष्मा सगळं त्यात मावतं. आमच्या धाकट्यासाठी चिंगीचा संसार वर्षभर माळ्यावरच्या डब्यात होता आणि तो दुपारी धाकटा झोपला की खाली यायचा.

घरचं

एक माप लक्षात ठेवलं की घरचं काम सोपं होतं. बार्बीच्या उंचीची बाहुली साधारण २९ सेंटिमीटरची, म्हणजे माणसाच्या सहाव्या हिश्शाची. घरातल्या कुठल्याही वस्तूला सहानं भागा. सहा फुटी पलंग फूटभर होतो, आणि मोठ्या माणसाच्या बुटांचा खोका जवळजवळ तेवढाच असतो. काडेपेटीचे खण एकावर एक चिकटवले की ड्रॉवरचं कपाट तयार. बाटलीचं झाकण म्हणजे ताट. लहान झालेल्या मोज्याची टाच कापली की अंगासरसा ड्रेस, शिवणही नको. ब्लाऊजपीसच्या काठाची साडी तर इतकी झकास दिसते की मीच दोन नेसवून बसले.

कपडे शिवणार असाल तर पाठ पूर्ण उघडी ठेवा आणि वेल्क्रो लावा. टिचबटणं पाच वर्षांच्या बोटांना लागत नाहीत. बाही चढत नसेल तर बाहुलीच्या हातावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून सरकवा, अंगठा अडकत नाही.

काडेपेटी, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रं यांतून किती काय होतं ते बघायचं असेल तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत पूर्वी वर्षानुवर्षं खेळणी घडवणाऱ्या अरविंद गुप्तांचं काम शोधा. मराठीतही भरपूर आहे.

घरच्या मार्गाचा खर्च पैशात नाही, वेळेत आहे, आणि तो कबूल करायला हवा. कामावरून थकून आलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता फेव्हिकॉल वाळेपर्यंत थांबणाऱ्या मुलाला सांभाळणं हे पाकीट विकत आणण्यापेक्षा महाग पडू शकतं. शिवाय तुम्ही एकट्यानं करून दिलंत तर त्याची किंमत शून्य. गादीत कापूस लेकीनं कोंबला म्हणून ती गादी अजून आहे. मी रात्री जागून केलेलं ड्रेसिंग टेबल दुसऱ्या दिवशी गाडीखाली आलं.

आणि न घेणं

‘नाही’ म्हणणंही पर्यायच आहे, पण दुकानात म्हटलेलं ‘नाही’ आणि घरी ठरलेलं ‘आत्ता नाही’ यांत फरक पडतो. आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. हवी ती वस्तू लेकीनं त्यावर काढायची, वाढदिवसाला आणि दिवाळीला कागदातली एकेक येते. दुकानात आम्ही फक्त ‘कागदावर काढू’ एवढंच म्हणतो. स्कूटरचं चित्र तिनंच आठवड्यानं खोडलं, चष्म्यावर सूर्य रंगवून टाकला. तीन वर्षांच्या मुलाला मात्र हा कागद कळत नाही. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवणं आणि ती गल्ली टाळणं एवढंच आपल्या हातात असतं.

कमी दिलं तर मूल हिरमुसेल या धाकाला एक उतारा सांगते. अमेरिकेतल्या टोलीडो विद्यापीठातल्या एका अभ्यासात (२०१८) ३६ छोट्या मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ती मुलं आपल्या पाच वर्षांच्यांपेक्षा लहान होती हे खरं, पण आमच्या माळ्यावरच्या डब्याचा अनुभवही तसाच. अर्ध्या वस्तू वर ठेवल्या की खालच्या अर्ध्यांना भाव येतो, आणि महिन्यानं अदलाबदल केली की जुनीच पर्स नवी होते.

तेव्हा माझा हिशोब असा पडला. बूट आणि अडकणारे तुकडे कंपनीचे. भांडीकुंडी तुळशीबागेतली. गादी, कपाट, कपडे घरचे. ‘तसलंच’ हवं असेल तर कागदावर, आणि दोन महिन्यांनीही चित्र टिकलं तर खुशाल तसलंच आणावं, उगाच पुठ्ठ्याचं करून दोघांचा हिरमोड करू नये. आमच्या कागदावर सध्या घोडा टिकून आहे. घोडा घरी होत नाही. मी करून पाहिला, त्याला लेक अजून गाढवच म्हणते.