बेटावर विहीर आहे का?

२८,४०० रुपये. सुट्टीच्या बुकिंगमध्ये मी फसले, त्याचा आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "पण गेले किती?" हे डोक्यात राहणार नाही.

मी डोंबिवलीला राहते आणि अकाउंट्समध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासायची, जीएसटी नंबर जुळवायचे, संशय आला की बिल परत पाठवायचं, यावरच माझं घर चालतं. म्हणूनच हे लिहायला लाज वाटते. ऑफिसात अजून कोणालाही सांगितलेलं नाही.

दिवाळी संपली आणि मी पुरती दमले होते. लोकलची गर्दी, शेजारच्या इमारतीचं पाडकाम, घरात मुलीची परीक्षा. अशा एका रात्री इन्स्टाग्रामवर जाहिरात आली: 'मालवणच्या देवबागजवळचं खाजगी बेट. फक्त सहा कॉटेज. टीव्ही नाही, रेंज नाही, शेजारी नाही.' खाली फोटो. नारळीची झाडं, झावळ्यांच्या छपराची घरं, हिरवट निळं पाणी आणि काठाला लावलेली एक होडी. तो फोटो मी किती वेळ बघत बसले, मोजलं नाही.

मेसेज केला. पाच मिनिटांत उत्तर, तेही छान मराठीत. "नमस्कार मॅडम, किती मंडळी?" आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. दोन कॉटेज, दोन रात्री, डिसेंबरचा तिसरा आठवडा. एका कॉटेजचे रात्रीचे ६,५०० म्हणजे एकूण २६,०००. मासळीचं जेवण त्यातच. स्वस्त म्हणावं इतकं स्वस्त नाही, महाग म्हणावं इतकं महाग नाही. भाव फार कमी सांगितला असता तर मीच सावध झाले असते. तेही त्यांना ठाऊक असणार.

सासूबाईंचं माहेर राजापूरकडचं. त्यांनी फोटो बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "बेटावर विहीर आहे का गं?"

आम्ही हसलो. मुलगी म्हणाली, "आजी, तिथे बिसलेरी असते." तरी मी गंमत म्हणून त्या मेसेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आरओ प्लांट आहे मॅडम." विषय संपला. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी मिळणं ही काय चीज असते ते सासूबाईंना कळत होतं. त्याच मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं, आणि त्या कुरटे बेटावर आजही दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी दाखवतात. आम्ही शाळेच्या सहलीत त्या बघितल्या होत्या, आणि मी मात्र आरओ प्लांटवर विश्वास ठेवला. रेंज नाही, तारा नाहीत, मग प्लांट कशावर चालतो हेही विचारलं नाही.

आधी निम्मे पैसे, १३,००० मागितले. यूपीआयवर पाठवताना स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं, कंपनीचं नव्हे. मी विचारलं. "कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली मॅडम, हे आमच्या मॅनेजरचं." माझ्या टेबलावर एखाद्या पुरवठादाराने हे कारण सांगितलं असतं तर मी त्याला उभासुद्धा केलं नसतं.

नंतर बिल आलं, लोगो आणि शिक्क्यासकट. वर 'प्रायव्हेट लिमिटेड', खाली पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर. मी तो वाचला नाही. घरी परत आल्यावर वाचला आणि कपाळाला हात लावला. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७. बिलावर होता ०७, म्हणजे दिल्ली. पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि त्यातलं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. इथे पी होता. म्हणजे मालवणच्या बेटावरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा नंबर दिल्लीतल्या कुणा एकट्या माणसाच्या नावावर. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा नंबर फुकट तपासता येतो. मी तेच काम करते, रोज.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. आता उरलेले भरलेत तर एकूण रकमेवर दहा टक्के सूट. म्हणजे २३,४००, त्यातले उरले १०,४००. भरले.

पत्ता मागितला तेव्हा तो जे बोलला ते इथे लिहून ठेवते, कारण सगळी मेख त्यातच होती. "मॅडम, लोकेशन आम्ही कोणालाच देत नाही. दिलं की गर्दी होते. पाहुण्यांना शांतता हवी असते ना?" नकाशावर नाही कारण गुप्त आहे. लोकांचे अभिप्राय नाहीत कारण नवीन आहे आणि मोजकेच लोक येतात. बेटावर थेट फोन लागत नाही कारण रेंज नाही. जे जे तपासायला हवं होतं ते नसणं हेच तो मला विकत होता, आणि मी त्याचेच पैसे मोजत होते. आणखी एक गोष्ट जाहिरातीतच होती: 'बारमाही सुरू, जुलैतही बोट.' पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटी बंद असतात, ओढून वर घेतलेल्या असतात. हे मला माहीत होतं. त्या वेळी आठवायचं नव्हतं, एवढंच.

तुतारी एक्स्प्रेसने सकाळी कुडाळला उतरलो. स्टेशनबाहेर चहा घेतोय तोच फोन. "पोचलात? बोटीचं डिपॉझिट ५,००० भरा, परत मिळतं, म्हणजे बोट लगेच सोडतो." चौघांचं सामान, सासूबाईंचा गुडघा, रिक्षावाला घाई करतोय. भरले. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी जीभ. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, आणि टोकाला दोन्ही एकत्र होतात. पलीकडे भोगवे, तो वेंगुर्ले तालुका. खाडीच्या धक्क्यावर आम्ही बॅगा टेकवल्या आणि मी एका होडीवाल्याला फोटो दाखवला. पन्नाशीचा माणूस, हातात जाळं विणायची सुई. त्याने फोन हातात घेतला, फोटो मोठा केला. पण घरं बघितली नाहीत, पाणी बघितलं नाही. त्याने होडी बघितली.

"ह्या बेट हयचा नाय, वैनी. होडी बघा." मग बाजूला बांधलेल्या आपल्या होडीकडे बोट दाखवलं. होडीच्या एका अंगाला दोन आडवे बांबू, त्यांच्या टोकाला लांब लाकडी ओंडका, पाण्यावर टेकलेला. त्याला उलांडी म्हणतात. तिच्यामुळे होडी कलंडत नाही. "आमच्या होडयेक उलांडी एकाच बाजूक. ह्येका दोनय बाजूक आसत."

मी फोटो पुन्हा बघितला. खरंच, फोटोतल्या होडीला दोन्हीकडे बांबूचे पंख होते, पाण्यावर बसलेल्या कोळी किड्यासारखे. मुलीने तिथेच फोनवर तो फोटो शोधायला टाकला. फिलिपिन्स. महिनाभर मी ज्या होडीकडे बघून ऑफिसातले दिवस ढकलत होते, ती आमच्या समुद्रातली नव्हतीच.

"पयसे दिलात?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "ह्या मयन्यात तुमी तिसरे."

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा आहे, त्याला तिथे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं लोक सांगतात. भरतीला तिथे गुडघाभर पाणी असतं आणि त्या पाण्यातच खाण्यापिण्याच्या टपऱ्या उभ्या असतात. होडीवाला म्हणाला, याच्यावर कॉटेज कोण बांधणार, आणि बांधू कोण देणार?

नवऱ्याने मात्र डोकं शांत ठेवलं. धक्क्यावर बसूनच १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा केंद्र सरकारचा नंबर. त्यांनी विचारलं ते असं: पैसे कोणत्या बँकेतून गेले, किती वाजता, किती, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक. तो क्रमांक ॲपमध्ये व्यवहार उघडला की खाली दिसतो. हे सगळं शोधण्यात आमची दहा मिनिटं गेली, म्हणून सांगते, आधी कागदावर उतरवून घ्या आणि मगच फोन करा. सकाळचे ५,००० पुढच्या खात्यात अडकवता आले, कारण जेमतेम दोन तास झाले होते. आधीचे २३,४०० केव्हाच तीन-चार खात्यांतून फिरून गेले होते. मुंबईला परतल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सगळी कागदपत्रं चढवली. अडकलेले ५,००० अजून हातात आलेले नाहीत, त्याची एक वेगळी प्रक्रिया आहे.

त्याच संध्याकाळी 'रिफंड विभागा'तून फोन आला. बाईचा आवाज, फारच हळहळणारा. "मॅडम, चूक आमची आहे, क्यूआर पाठवते, स्कॅन करून पिन टाका, पूर्ण रक्कम जमा होईल." आणि सांगायला लाज वाटते, पण मी स्कॅन केला होता. पिन टाकणार तेवढ्यात मुलीने हातातला फोन ओढून घेतला. "आई, पैसे घ्यायला पिन लागतो का कधी?" नाही लागत. पिन पैसे द्यायलाच लागतो. तिच्या त्या सुराचा राग आला होता, खरं सांगायचं तर.

राहण्याचं होडीवाल्यानेच बघितलं. त्याच्या चुलतभावाच्या दोन खोल्या, बाहेर एमटीडीसीच्या निवास-न्याहारी योजनेची पाटी, मागच्या अंगणात विहीर. सासूबाई आधी विहिरीपाशी गेल्या, वाकून बघितलं, काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. रात्री बांगड्याचं तिखलं आणि भात. शांतता म्हणाल तर तीही होती, शेजारी असूनसुद्धा.

जाहिरातीचं ते पान महिनाभरात बंद झालं. मार्चमध्ये दुसऱ्या नावाने पुन्हा दिसलं. आता बेट गोकर्णजवळ आहे. फोटो तोच, होडी तीच, दोन्ही बाजूंना उलांडी. खाली एका बाईंनी विचारलं होतं, "सोबत दोन वर्षांचं बाळ आहे, चालेल का?" त्यांना "नक्की चालेल मॅडम" असं उत्तरही मिळालं होतं. मी पानाची तक्रार नोंदवली आणि त्या बाईंना वेगळा मेसेज पाठवला. चार दिवस झाले, त्यांनी तो अजून उघडलेला नाही.